पेल एलला बाटलीत गेल्यावर लोण्याचा वास: चाखायला ठेवावी की ओतून द्यावी?

जवसातू:

तीन नव्या बॅचेस चाखायला ठेवायच्या आहेत. चाखणारे सहाजण, सगळे घरी बिअर करणारे, त्यामुळे "छान झालीय हो" म्हणून कुणी सोडणार नाही. आधी एकेक बाटली उघडून पाहिली तर तिन्हींत काही ना काही निघालं. नोंदवहीतलं जसंच्या तसं देतो. अंश म्हणजे सगळीकडे सेल्सिअस.

पेल एल, २० लिटर. पेल माल्ट (मोड आणून वाळवलेलं जव) ४.५ किलो, 'क्रिस्टल ४०' माल्ट पाव किलो. मॅश (माल्ट गरम पाण्यात भिजवणं) ६७ अंशांना तासभर. ओजी (आंबवण्याआधीची घनता) १.०५२. कोरडं अमेरिकन एल यीस्ट ११ ग्रॅम, तापमान १९. सहाव्या आणि सातव्या दिवशी घनतेचं रीडिंग १.०१३, म्हणून सातव्या दिवशी ड्राय हॉप (हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं, न उकळता घालणं): कॅस्केड ५० ग्रॅम, सिट्रा ५० ग्रॅम. दहाव्या दिवशी १२० ग्रॅम साखर पाण्यात उकळून घातली आणि बॉटलिंग केलं. त्यानंतर तीन आठवडे २३ अंशांना. बॉटलिंगच्या दिवशी चव स्वच्छ होती. आता झाकण काढलं की दोन-तीन सेकंद काहीच होत नाही, मग फेस सावकाश मानेतून वर चढतो आणि बाहेर येत राहतो. वास घेतला तर हॉप्सच्या मागून लोणी, बटरस्कॉच. जिभेवर जरा ओशट.

व्हीट बिअर. गव्हाचं माल्ट ५५ टक्के, पिल्सनर ४५ टक्के. मॅश ४४ अंशांना २० मिनिटं, मग ६६ ला तासभर. ओजी १.०५०, एफजी (आंबवून झाल्यावरची घनता) १.०१२. हेफेवायझनचं (जर्मन गव्हाच्या बिअरचं) यीस्ट, १७ अंश. लवंग भरपूर, केळ्याचा मात्र पत्ता नाही.

स्टाउट, म्हणजे काळी बिअर. रोस्टेड बार्ली (भाजलेलं जव) १० टक्के, ओजी १.०५५, एफजी १.०१५. पाणी आरओचं, त्यात फक्त कॅल्शियम क्लोराइड. घोट गेल्यावर राखेसारखी चव राहते, आंबट-तुरट.

मुख्य प्रश्न पेल एलचा. बॉटलिंगला नसलेलं लोणी बाटलीत आलं कुठून? आणि तिन्ही कशा क्रमानं, कशा पद्धतीनं चाखायला द्याव्यात, म्हणजे मतांचा काही उपयोग होईल?

फेसपुराण:

लोणी अधिक फसफसणं, म्हणजे बहुतेक वेळा संसर्ग. पेडिओकॉकस नावाचा बॅक्टेरिया डायअ‍ॅसिटिल करतो आणि लोण्याचा वास त्याचाच. बॉटलिंगला चव स्वच्छ आणि तीन आठवड्यांनी बिघाड, हेही त्याच दिशेला बोट दाखवतं. यीस्टनं केलेलं डायअ‍ॅसिटिल यीस्टच परत खाऊन टाकतं, तीन आठवड्यांत ते जायला हवं होतं.

आधी बॉटलिंगच्या बादलीचा नळ बघा. न उघडता नुसता धुतला जातो आणि आतल्या आट्यांमध्ये वाळलेला चिकट थर तसाच राहतो. नळ बादलीतून काढायचा, फिरता भाग दाबून बाहेर काढायचा, गरम पाण्यात अल्कली क्लीनर घालून अर्धा तास बुडवून ठेवायचा, ब्रश फिरवायचा, खळखळून धुवायचा आणि मगच सॅनिटायझर. फॉस्फरिक आम्लाचं सॅनिटायझर (स्टार सॅनसारखं) लिटरला दीड मिलि पुरतं, पण मळाच्या थराखाली ते पोचत नाही. बाटल्या भरायची कांडी आणि तिच्या टोकाची स्प्रिंगही तशीच सुटी करा. सायफनची नळी जुनी असेल तर धुण्याच्या भानगडीत न पडता बदला.

बॅच मी तरी कुणापुढे ठेवणार नाही.

गाळउपसा:

ओतून द्यायची घाई नको. नोंदीत एक जागा रिकामी आहे आणि उत्तर बहुधा तिथंच आहे: सातव्या दिवशी ड्राय हॉप घातल्यावर दहाव्या दिवसापर्यंत एकही रीडिंग नाही.

हॉप्समध्ये स्टार्च तोडणारी एन्झाइम्स असतात. उकळीत घातलेल्या हॉप्सची ती उष्णतेनं मरतात, ड्राय हॉपची जिवंत राहतात. यीस्टला खाता न येणारी डेक्स्ट्रिन्स मॅशनंतर उरतात, आणि १.०१३ हा आकडा मुख्यतः त्यांचाच. ही एन्झाइम्स त्यांचे तुकडे करून साध्या साखरा बनवतात आणि थांबलेलं यीस्ट पुन्हा कामाला लागतं. याला हॉप क्रीप म्हणतात. लिटरला ५ ग्रॅम हॉप्स आणि १९ अंश, एवढ्यात ते सहज होतं, आणि तीन दिवसांत संपतंच असं नाही. उरलेलं काम बाटलीत झालं.

लोणीही त्यातूनच येतं. यीस्ट वाढताना अल्फा-अ‍ॅसिटोलॅक्टेट नावाचा पदार्थ पेशीबाहेर टाकतं. त्याला वास नाही. बिअरमध्ये तो आपोआप, हळूहळू डायअ‍ॅसिटिल होतो, आणि मग यीस्ट ते डायअ‍ॅसिटिल आत घेऊन संपवतं. बॉटलिंगच्या दिवशी तुम्ही चाखलीत तेव्हा बिअरमध्ये बिनवासाचा पूर्वज होता, म्हणून नाकाला काही लागलं नाही. पुढे बाटलीत यीस्ट कमी, त्यात हॉप क्रीप चालूच, म्हणून नवा माल तयार होतोय आणि साफसफाई मागे पडतेय.

हे खरं की संसर्ग, ते तीन गोष्टींवरून कळेल.

एक, एका बाटलीची बिअर दोन पेल्यांत वीस-पंचवीस वेळा इकडून तिकडे ओता, फेस धरणं बंद होईपर्यंत. २० अंशांवर येऊ द्या, मग हायड्रोमीटर (घनता मोजायची तरंगती नळी). गॅस काढल्याशिवाय घेतलेलं रीडिंग खोटं, बुडबुडे हायड्रोमीटरला चिकटून तो वर उचलतात. रिफ्रॅक्टोमीटर इथं नको, अल्कोहोलमुळे तो सरळ आकडा देत नाही.

दोन, ड्राय हॉपच्या आधी काढलेली एखादी बाटली शिल्लक आहे का?

तीन, आंबटपणा वाढलाय का, आणि बिअर ओतताना धार तेलकट, तारेसारखी लांबते का? ते दिसलं तर फेसपुराण यांचं बरोबर.

आणि वाट न पाहता करायचं काम: सगळ्या बाटल्या आजच फ्रिजमध्ये. एका खोक्यात उभ्या, वर जाड कापड. उचलताना गॉगल आणि जाड हातमोजे. यात गंमत नाही.

जवसातू:

बाटल्या फ्रिजमध्ये गेल्या. ड्राय हॉपच्या आधी ३ बाटल्या बाजूला भरल्या होत्या, अर्ध्या लिटरच्या, प्रत्येकी ३ ग्रॅम साखर, त्याच नळातून आणि त्याच कांडीनं. आता गॅस काढून, २० अंशांवर:

ड्राय हॉप नसलेली: १.०१२ आणि १.०१३ च्या मध्ये. फेस नेहमीसारखा. लोणी नाही.

ड्राय हॉप असलेली: १.०१०. दुसरी बाटली उघडून पाहिली, तीही १.०१०. आंबटपणा नाही, धार पाण्यासारखी तुटते.

नळ मात्र खरंच आतून घाण निघाला. तपकिरी थर, नखानं खरवडावा लागला.

गाळउपसा:

मग निकाल लागला. नळ तोच, कांडी तीच, यीस्ट तेच, साखरही लिटरला तेवढीच. फरक फक्त हॉप्सचा. (नळ तरीही धुवाच.)

आता हिशेब. प्रायमिंगच्या (बाटलीत गॅस व्हावा म्हणून घातलेल्या) साखरेतून थोडं अल्कोहोल वाढतं, त्यामुळे रीडिंग साधारण अर्ध्या पॉइंटनं (पॉइंट म्हणजे ०.००१) उतरतं. बिनहॉपच्या बाटलीत तेच दिसतंय. म्हणजे हॉप्समुळे उतरले अडीच पॉइंट. बाटलीत उतरलेला प्रत्येक पॉइंट सुमारे अर्धा व्हॉल्यूम कार्बन डायऑक्साइड देतो (एक व्हॉल्यूम म्हणजे बिअरच्या आकारमानाइतका गॅस). तुमच्या १२० ग्रॅम साखरेनं २.४ व्हॉल्यूम धरले होते. हिशेब बरोबरच आहे: २० अंशांच्या बिअरमध्ये ०.८५ च्या आसपास आधीच विरघळलेला असतो आणि उरलेल्या प्रत्येक व्हॉल्यूमला लिटरमागे जेमतेम ४ ग्रॅम साखर लागते. अडीचही पॉइंट बाटलीतच उतरले असं धरून त्यात सव्वा मिळवला की झाले ३.६ च्या पुढे. २३ अंशांना २.४ व्हॉल्यूमचा दाब असतो दोन बारच्या आसपास, ३.६ चा साडेतीन. साध्या, पातळ काचेच्या, पुन्हा वापरलेल्या बाटलीवर एवढा विश्वास टाकू नये. फ्रिजमध्ये ४ अंशांना तोच दाब पावणेदोन बारच्या आत येतो, म्हणून आधी फ्रिज सांगितलं.

बॅच वाचवायची तर बाटल्या दोन दिवस थंड राहू द्या. मग एकेक बाहेर काढून ओपनरनं झाकणाची कड इतकीच उचला की फुस्स आवाज येईल, झाकण निघणार नाही. फेस मानेत चढायला लागला की ओपनर सोडा. झाकण परत बसतं, तरी नवं झाकण लावणं बरं. तासाभरानं पुन्हा. एकदा पुरत नाही, तीन-चार फेऱ्या धरून चला. शेवटच्या फेरीनंतर नवं २६ मिलिमीटरचं झाकण.

लोणी जायला मात्र यीस्टला ऊब लागते, फ्रिजमध्ये ते झोपून राहतं. गॅस काढून झाल्यावर दोनच बाटल्या जाड प्लास्टिकच्या डब्यात झाकण लावून २० अंशांना ठेवा. एक तीन दिवसांनी, दुसरी सहा दिवसांनी. दोन्हींचं रीडिंग १.०१० राहिलं आणि वास उतरला, तर बाकीच्याही बाहेर काढता येतील. १.००९ आलं तर राहू द्या थंडच, आणि लोण्यासकट लवकर संपवा.

पुढच्या बॅचला दोन रस्ते आहेत. पहिला: फर्मेंटेशन संपल्यावर १२-१४ अंशांपर्यंत उतरवायचं, गाळ खाली बसू द्यायचा, मग ड्राय हॉप फक्त ४८ तास आणि लगेच थंड करायचं. एन्झाइम्सही मंद, यीस्टही मंद. पण बिअर केगमध्ये (धातूच्या पिंपात) जाऊन कायम थंड राहणार असेल तरच हा खरा. तुम्ही बाटल्या २३ अंशांना ठेवता, मग राहिलेलं काम तिथं सुरू होईल. म्हणून तुमच्यासाठी दुसरा: १९-२० अंशांनाच ड्राय हॉप करा, क्रीप होऊ द्या, आणि रीडिंग तीन दिवस हललं नाही की मगच पुढे. सहाव्या आणि सातव्या दिवसाचं सारखं रीडिंग म्हणजे एका दिवसाचाच पुरावा, तो तसाही कमीच होता.

रीडिंग थांबल्यावर ही चाचणी करा, अर्ध्या तासाचं काम आहे. झाकणाच्या दोन काचेच्या बाटल्या, दोन्हींत १०० मिलि बिअर. एक ६५ ते ७० अंशांच्या पाण्यात २० मिनिटं, झाकण सैल. दुसरी बाजूला. मग दोन्ही एकाच तापमानाला आणून वास घ्या. उष्णतेनं बिनवासाचा पूर्वज झटक्यात डायअ‍ॅसिटिल होतो. गरम केलेलीला लोणी आणि साधीला नाही, तर अजून दोन दिवस थांबा. दोन्हींना लोणी, तर फर्मेंटर (आंबवायचं भांडं) २१ अंशांपर्यंत चढवा आणि तिथं राहू द्या. दोन्ही स्वच्छ, तर बॉटलिंग. ही चाचणी दोघांनी करावी, कारण काही नाकांना डायअ‍ॅसिटिल जवळजवळ लागतच नाही आणि आपलं नाक त्यातलं आहे हे आपल्याला कळत नाही.

आणखी एक: दर बॅचला एक बाटली काचेऐवजी सोड्याच्या प्लास्टिकच्या बाटलीत भरा, भरल्यावर दाबून हवा बाहेर काढून. ती फुगून ताठ होते तेव्हा कार्बोनेशन झालं. दगडासारखी झाली तर बाकीच्यांना फ्रिज दाखवायची वेळ आली. हाच दाबमापक.

तिसरा_पेला:

पेल एलचं झालं, बाकी दोघींकडे वळू.

व्हीट बिअर बिघडलेली नाही, तुम्ही मागितलं तेच तिनं दिलंय. ४४ अंशांच्या विश्रांतीत माल्टमधून फेरुलिक आम्ल सुटतं आणि हे यीस्ट त्यापासून लवंगेचा वास तयार करतं. शिवाय १७ अंश, म्हणजे केळ्याच्या वासाचं एस्टर (आयसोअ‍ॅमिल अ‍ॅसिटेट) कमीच. पुढच्या वेळी ती विश्रांती वगळा, सरळ ६६ ला मॅश करा. यीस्ट थोडं कमी घाला, वॉर्टमध्ये (न आंबलेल्या माल्टच्या पाण्यात) हवा फार खेळवू नका, कारण भरपूर ऑक्सिजन मिळालेलं यीस्ट हे एस्टर कमी करतं. सुरुवात १८ ला, दुसऱ्या दिवसापासून २१-२२. सगळं एकदम बदललंत तर कशानं काय झालं ते कळणार नाही, म्हणून वॉर्ट दोन फर्मेंटरमध्ये वाटून एक १७ ला आणि एक २२ ला, बाकी सगळं सारखं. आणि केळं बाटलीत टिकत नाही, महिन्या-दोन महिन्यांत उतरतं. ही बिअर ताजीच चाखायला द्यावी.

स्टाउटचा संशय पीएचवर. भाजलेलं धान्य आम्लधर्मी, आरओच्या पाण्यात त्याला सावरायला बायकार्बोनेट नाही, आणि कॅल्शियम क्लोराइड पीएच आणखी खाली ओढतं. मॅश ५.२ च्या खाली गेला असणार. खात्री पेल्यातच करता येते: १ ग्रॅम खायचा सोडा १०० मिलि पाण्यात, त्यातले २ मिलि १०० मिलि स्टाउटमध्ये, हलक्या हातानं ढवळून शेजारी साधी स्टाउट ठेवून चाखा. राख मऊ झाली तर आम्लच. पुढच्या बॅचला मॅशमध्ये ५.४ ते ५.६ धरा (नमुना खोलीच्या तापमानाला आणून मोजायचा), २० लिटर पाण्यात १ ग्रॅम सोडा घालून सुरुवात करा आणि मोजत वाढवा. किंवा रोस्टेड बार्ली मॅशच्या शेवटच्या १५ मिनिटांत घाला. मला दुसरा मार्ग आवडतो, कमी गणित.

आता चाखणं. क्रम व्हीट, पेल एल, स्टाउट. कडू आणि भाजकं आधी दिलं की पुढच्या बिअरचं काही लागत नाही. व्हीट आणि पेल एल ७ ते १० अंशांना, स्टाउट १० ते १३ ला. फ्रिजमधून काढलेली स्टाउट पातळ आणि नुसती कडू लागते, आणि मग लोक नसलेले दोष शोधतात. प्रत्येकी ७०-८० मिलि पुरे. पेले साबणानं धुतले तर गरम पाण्यानं तीनदा खळखळून, आणि उपडे घालून वाळवा. कापडानं पुसलेल्या पेल्याला कापडाचा वास येतो आणि फेसही बसतो. व्हीटचा गाळ शेवटच्या थोड्या बिअरमध्ये घुसळून सगळ्यांत सारखा वाटायचा, बाकी दोघींचा बाटलीतच सोडायचा. ओतायला थांबायचं नाही, एका हातानं एकाच चालीत. बाटली मधे उभी केली की गाळ उठतो.

ओतल्याबरोबर आधी वास. पेल्यावर तळहात, दोनदा फिरवायचा, हात काढून छोटे छोटे हुंगे. पहिल्या दहा सेकंदांत जे आलं ते लिहायचं, मग घोट. बोलायचं सगळ्यांनी लिहून झाल्यावर. एकानं "लोणी" म्हटलं की बाकीच्या पाचांनाही लोणी लागतं. म्हणूनच तुमच्या शंका आधी सांगू नका. पेल्यांवर नाव नको, तीन आकडी क्रमांक: ४१७, २६३, असे. मध्ये पाणी आणि बिनमिठाचा पाव.

गुणच द्यायचे असतील तर बीजेसीपीची (बिअर परीक्षकांच्या संस्थेची) पन्नास गुणांची विभागणी वापरा: वास १२, रूप ३, चव २०, तोंडात भरणं ५, एकंदर १०. पण माझ्या मते घरच्या बिअरला ३१ की ३४ यानं काही साधत नाही. "तुरट, घोटानंतर पाच सेकंदांनी, जिभेच्या मागे" ही एक ओळ त्याहून कामाची.

विभागलेल्या व्हीटच्या बॅचला तीन पेल्यांची चाचणी लावा. दोन पेल्यांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी, आणि वेगळा कुठला ते ओळखायचं. नुसत्या अंदाजानं तिघांतला एक बरोबर येतोच. सहाजणांत चौघं बरोबर निघाले तरी तो योगायोग असू शकतो, पाच निघाले तर फरक खरा धरा. बाराजण असतील तर आठ.

फेसपुराण:

बिनहॉपच्या बाटल्या पाहून पेडिओकॉकस मागे घेतो. पण एक सांगून ठेवतो: अशा तुलनेच्या बाटल्या नसत्या तर रीडिंग उतरणं आणि फसफसणं एवढ्यावरून डायास्टॅटिकस जातीचं यीस्टही धरावं लागलं असतं. तेही डेक्स्ट्रिन्स खातं, आणि एकदा उपकरणांत शिरलं की पुढच्या बॅचेसनाही सोडत नाही. सेझॉन या बेल्जियन बिअरची कित्येक यीस्ट याच जातीची असतात. सेझॉनसाठी वापरलेल्या प्लास्टिकच्या नळ्या पेल एलला वापरू नयेत.

आणि @तिसरा_पेला, ही पेल एल चाखायला ठेवायचीच असेल तर बिनहॉपची एक बाटली शेजारी ठेवा. हॉप्सच्या वासानं आंधळी चाचणी होणार नाही हे कबूल, पण ज्यांना डायअ‍ॅसिटिल ओळखता येत नाही त्यांना एवढा स्वच्छ धडा दुसरीकडे मिळणार नाही.

तिसरा_पेला:

चालेल, फक्त शेवटी. स्टाउटच्याही नंतर, कागद गोळा झाल्यावर.

जवसातू:

स्टाउटमध्ये सोड्याचं पाणी घालून पाहिलं. २ मिलिला राख बरीच मऊ, ४ मिलिला साबणासारखी. म्हणजे आम्लच.

पेल एलच्या सगळ्या बाटल्यांचा गॅस दोनदा काढला. दुसऱ्या फेरीलाही फेस मानेपर्यंत येतोय, उद्या तिसरी. बिनहॉपची आता एकच उरली, ती चाखायच्या दिवसासाठी ठेवतो. दोन बाटल्या डब्यात २० अंशांना लावल्या आहेत, पहिलीचं रीडिंग तीन दिवसांनी इथंच टाकतो.